लायटरच्या सॉकेटमधून अँपला करंट? नको!

तुम्ही विचारलंय, हॅचबॅकच्या डिकीत १२ इंची सबवूफर (बेसचा स्पीकर) आणि ५०० वॅटचा अँप (अ‍ॅम्प्लिफायर) बसवायचाय, तर करंट सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून घेतला तर चालेल का?

नाही. ५०० वॅट आरएमएस (म्हणजे सलग मिळणारी ताकद) द्यायला चांगला क्लास डी, म्हणजे कमी वीज वाया घालवणारा अँपही सव्वासहाशे वॅटच्या आसपास ओढतो. १३.८ व्होल्टला ते ४५ अँपिअर झाले. लायटरचा फ्यूज १५-२० अँपिअरचा. पहिल्याच दणक्याला उडेल. मोठा टाकलात तर वायरच जळेल.

थेट बॅटरीच्या प्लसवरून ४ गेजची शुद्ध तांब्याची वायर ओढा. स्वस्तातली बरेचदा तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची असते. एक तार ब्लेडने खरवडा, आत पांढरी निघाली की परत करा. ६० अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून वीत-दीड वीतीच्या आत. तो अँपसाठी नाही, वायरसाठी असतो. ती वाटेत पत्र्याला घासून सोलली तर आग लागू शकते, म्हणून फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे कडेला बसणारी रिंग, हवीच.

आता अर्थ, म्हणजे ग्राउंड: अँपची मायनसची वायर गाडीच्या पत्र्याला जोडणं. इथे मी स्वतः आपटलोय. घोडबंदर रोडला ट्रॅफिकमध्ये गाणं लावलं, की ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला अँप बंद. नवा अँप घ्यायलाच निघालो होतो! ठाण्यातल्या एका मित्राने मल्टिमीटरची एक पिन अँपच्या ग्राउंडला, दुसरी बॅटरीच्या मायनसला लावली आणि बेस वाजवायला सांगितला. काटा तीन व्होल्टच्या पुढे. एवढे व्होल्ट नुसत्या अर्थमध्येच जात होते, कारण मी लग (वायरच्या टोकाची धातूची रिंग) रंगावरच आवळला होता. पॉलिश पेपरने घासत गेलो, आधी रंग, मग करडा प्रायमर, मग कुठे लखलखीत पत्रा. लग तिथे आवळला, वरून ग्रीस फासलं (खाडीच्या हवेत उघडा पत्रा एका पावसाळ्यात गंजतो). तेव्हापासून तक्रार नाही. अर्थची वायरही ४ गेजचीच, हातभरापेक्षा लांब नको.

स्टिरिओकडून अँपला आवाजाचा सिग्नल नेणारी आरसीए केबल पॉवरच्या वायरसोबत नेऊ नका, गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्या. नाहीतर रेस दिली की स्पीकरमधून कुंईऽऽ. अँप चालू-बंद करणारी रिमोटची वायर स्टिरिओच्या निळ्या-पांढऱ्या वायरला. सबवूफरला ४ ओहमच्या दोन कॉइल असतील तर पॅरलल जोडल्यावर २ ओहम होतात; अँप २ ओहमला चालतो का, ते आधी त्याच्या माहितीपत्रकात बघा.

आणि सुरुवातीला बॅटरीचा मायनस काढा, बहुतेक गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो. फ्यूज मात्र सगळ्यात शेवटी बसवा.