अमेरिकेत मोटरहोम (राहण्याची सोय असलेली गाडी) हिवाळ्यात चार-पाच महिने घरासमोर उभं राहणार आहे. ते सतत विजेला जोडून ठेवलं तर चालेल का?

चालेल, पण आधी आतला कन्व्हर्टर तपासा. १२० व्होल्टची घरची वीज १२ व्होल्ट डीसी करून आतल्या दिव्यांची बॅटरी चार्ज करतो तोच. गाडी दोन दिवस जोडून ठेवा आणि मग मल्टिमीटरने बॅटरीच्या टोकांवर मोजा. आकडा १३.२ ते १३.४ व्होल्टला स्थिरावला तर निर्धास्त राहा. जुने कन्व्हर्टर १३.८ च्या आसपास अडून बसतात, मग लेड-ॲसिड बॅटरीतलं पाणी हळूहळू उडून जातं. आतली शिशाची प्लेट पाण्याबाहेर उघडी पडली की तेवढा भाग कायमचा गेला. म्हणून महिन्यातून एकदा डोळ्यांना संरक्षक गॉगल लावून बॅटरीची झाकणं उघडा आणि भरायच्या नळीच्या खालच्या कडेच्या ३ मिमी खालपर्यंत पाणी घाला. फक्त डिस्टिल्ड, नळाचं नको.

इंजिनाची बॅटरी अनेक गाड्यांत या कन्व्हर्टरला जोडलेलीच नसते. आतले दिवे लख्ख लागतात आणि चावी फिरवली की नुसती टकटक, ती त्यामुळेच. तिला वेगळा मेंटेनर, म्हणजे बॅटरी भरलेली ठेवणारा छोटा चार्जर, लावा.

१५ अँपिअरच्या सॉकेटला ॲडॉप्टर लावून चार्जिंग भागतं. एअर कंडिशनर मात्र चालवू नका. पातळ एक्स्टेन्शन वायर तर अजिबात वापरू नका. प्लग हाताला गरम लागला तर मेन स्विच बंद करून काढा.

लिथियम बॅटरीचं उलट आहे: ५०-६० टक्क्यांवर आणून स्विचने तिची जोडणी तोडून ठेवा. शून्य अंश सेल्सिअसखाली ती चार्ज केली तर आतून खराब होते.