व्हॅम्पायर आणि डेमन, दोघांनाही 'राक्षस' म्हटलं तर चालेल का?

तुम्ही एक इंग्रजी भयकथा मराठीत आणताय. तिच्यात एक व्हॅम्पायर आहे, एक डेमन आहे आणि दोघांचं हाडवैर आहे. तुम्ही दोघांनाही 'राक्षस' लिहिलंत आणि पहिल्याच वाचकाने विचारलं, कुठला राक्षस? आता वेताळ, पिशाच, असुर यांतलं कुणाला काय म्हणायचं, असा तुमचा प्रश्न आहे.

राक्षस दोघांनाही चालणार नाही. आपल्या भाषेत या मंडळींची विभागणी ती किती भयंकर आहेत यावर होत नाही. तो आधी माणूस होता का, यावर होते.

मी वडोदऱ्याची, दांडिया बाजारात वाढले. नरक चतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नानानंतर आई अंगणात कारीट ठेवायची आणि आम्ही ते डाव्या पायाच्या अंगठ्याने फोडायचो. ते कारीट म्हणजे नरकासुर. त्याच दिवशी संध्याकाळी शेजारच्या गुजराती काकू ताटलीत वडे घेऊन चौकात जायच्या. त्यांची ती काळी चौदस. वडे ठेवायचे, भोवती पाण्याचं रिंगण काढायचं आणि मागे वळून न बघता घरी यायचं. याला त्या 'ककळाट काढवो' म्हणत. घरातली कटकट आणि बाहेरचं भूतखेत, सगळं त्या वड्यांबरोबर गेलं. एकच तिथी, पण सकाळी असुराला चिरडायचं आणि संध्याकाळी भुताला खायला देऊन वाटेला लावायचं. हा फरक मी पुस्तकाआधी अंगणात शिकले.

असुर, दैत्य, दानव, राक्षस यांना कुळं असतात. दितीची मुलं दैत्य, दनूची मुलं दानव आणि अदितीची मुलं देव. बाप एकच, कश्यप. म्हणजे ते सावत्र भाऊच. रावण पुलस्त्य ऋषीचा नातू. 'राक्षस' शब्दाची व्युत्पत्ती रामायणाच्या उत्तरकांडात अशी सांगितली आहे: ब्रह्मदेवाने पाणी निर्माण केलं आणि ते राखायला प्राणी निर्माण केले. त्यांतले काही म्हणाले 'रक्षाम', आम्ही रक्षण करू. ते झाले राक्षस. बाकीचे म्हणाले 'यक्षाम', ते यक्ष. रामायणाची चिकित्सक आवृत्ती 1960 ते 1975 या काळात आमच्याच वडोदऱ्याच्या प्राच्यविद्या मंदिरातून निघाली. त्यामुळे हा शब्द कुणी नुसता शिवीसारखा वापरला की मला राहवत नाही. रखवालदार होते हो ते!

असुराची गत तर आणखी विचित्र आहे. ऋग्वेदात वरुणाला असुर म्हटलंय, इंद्राला आणि अग्नीलाही. तिथे तो मानाचा शब्द आहे. पुढे अर्थ फिरला, लोकांनी त्यात नकाराचा 'अ' पाहिला आणि त्यातून 'सुर' हा नवा शब्द काढला. इराणात नेमकं उलट झालं. आमच्या वरच्या मजल्यावर एक पारशी आंटी राहायच्या. रोज दिवा लावून, त्याच्याकडे तोंड करून कमरेची कस्ती, म्हणजे त्यांचा पवित्र दोरा, सोडायच्या आणि प्रार्थना म्हणत पुन्हा बांधायच्या. अहरिमनचं, म्हणजे त्यांच्या दुष्ट शक्तीचं, नाव आलं की कस्तीची टोकं झटकायच्या. आणि ज्याची प्रार्थना करायच्या तो अहुर मझ्द. हा 'अहुर' म्हणजे आपलाच असुर, हे मला कॉलेजात कळलं. त्यांच्याकडे देव झाला तो असुर आणि आपला 'देव' शब्द अवेस्तात, म्हणजे त्यांच्या धर्मग्रंथात, 'दएव' म्हणून राक्षसांच्या रांगेत गेला. फारसीत 'दीव' म्हणजे आजही राक्षसच.

तुमच्या डेमनचंही हेच झालंय. मूळ ग्रीक 'दायमॉन' म्हणजे माणूस आणि देव यांच्या मधली एखादी शक्ती. सॉक्रेटिस सांगायचा की चुकीचं पाऊल टाकताना त्याला आतून अडवणारं असं काही त्याच्यापाशी आहे. ख्रिस्ती धर्म आला आणि जुन्या देवतांसकट या सगळ्यांना दुष्टांत ढकललं गेलं. म्हणून कथेतला डेमन नरकातून, सैतानाच्या पदरचा म्हणून आला असेल तर त्याला राक्षस म्हणू नका, 'सैतानी दूत' म्हणा. एखाद्या जुन्या जमातीचा, स्वतःचं राज्य असलेला असेल तर असुर चालेल.

व्हॅम्पायर मात्र पक्का मेलेला माणूस. हा शब्द युरोपभर गेला तो सर्बियातून. 1718 नंतर तो भाग काही वर्षं ऑस्ट्रियाच्या ताब्यात होता. 1725 आणि 1732 मध्ये तिथल्या अधिकाऱ्यांनी आणि लष्करी वैद्यांनी अहवाल लिहिले: गावात एकामागून एक माणसं मरताहेत, गावकरी थडगी उकरताहेत, आत प्रेत फुगलेलं आणि तोंडाशी रक्त. आज आपल्याला माहीत आहे की कुजताना पोटात वायू साचतो आणि काळपट द्रव तोंडावाटे बाहेर येतो. गावकऱ्यांना ते प्यायलेलं रक्त वाटलं. हा व्हॅम्पायर शेतकरी होता, लालबुंद, सुजलेला. फिकट, देखणा सरदार त्याला पुढे एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी लेखकांनी केलं.

वेताळ हा शब्द मोहात पाडतो, पण तोही टाळा. रिचर्ड बर्टनने 1870 मध्ये वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत नेल्या तेव्हा त्याला व्हॅम्पायर करून टाकलं, आणि ती चूक अजून फिरतेय. वेताळ दुसऱ्याच्या प्रेतात शिरून बसतो. तो विक्रमाचं रक्त पीत नाही, त्याला कोडी घालतो आणि शेवटी कपटी साधूपासून त्याचा जीव वाचवतो. सिंधुदुर्गातल्या आरवलीला तर तो वेतोबा आहे, गावाचा राखणदार. लोक त्याला केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात, कारण तो रात्री गावभर फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात. अशा देवाला मानेत दात रुतवणारा कसा म्हणायचं?

पिशाच बरंच जवळ येतं. जुना अर्थ कच्चं मांस खाणारा, पण आज मराठीत ते मेलेल्याचंच. 'रक्तपिशाच' लिहा, कुणालाही कळेल. समंध, मुंजा, अलवंतीण यांतलं काही घेऊ नका. त्यांचं प्रत्येकाचं दुःख ठरलेलं आहे. मुंजा म्हणजे मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुलगा. अलवंतीण, म्हणजे गुजराती काकूंची चुडेल, ही बाळंतपणात गेलेली बाई. समंधाचा घरादाराशी 'संबंध' तुटलेला नसतो. व्हॅम्पायरला हे दुःख चिकटवलं तर ती वेगळीच गोष्ट होईल.

एक विनंती आहे, आणि ती कळकळीची. व्हॅम्पायर बाई असेल तर तिला डाकीण म्हणू नका. डाकीण हा शब्द जिवंत बायकांना लावतात आणि त्यावरून त्यांना मारहाण होते, गावाबाहेर काढलं जातं. झारखंडने 2001 मध्ये, राजस्थानने 2015 मध्ये यासाठी वेगळा कायदा केला, आणि महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यातही अशा आरोपाला शिक्षा आहे. तिलाही रक्तपिशाचच ठेवा.

राहिलं क्रियापद. असुराचा वध होतो, भुताला उतारा देतात, बांधतात किंवा त्याला गती मिळते. कथेच्या शेवटी व्हॅम्पायरच्या छातीत खुंटी ठोकत असतील तर तिथे 'वध' लिहू नका. तो मेलेलाच होता. 'सुटला' असं लिहून बघा.