घंटा कोणाच्या हातात आहे

चि. … यास अनेक आशीर्वाद.

हरावे लागले म्हणून तू चिडला आहेस, असे तुझे पत्र वाचताना प्रथम वाटले. पण खरा सल हा दिसतो की कुस्तीचा आधीच ठरलेला निकाल बदलल्याचे तुला रिंगकडे निघताना सांगण्यात आले. हा राग रास्त आहे. मात्र तो कोणावर धरायचा हे ठरवण्यापूर्वी व्यावसायिक कुस्तीच्या या धंद्यात, जिथे निकाल आधी ठरवूनच सामने होतात, सत्ता कुठे असते ते नीट पाहा.

९ नोव्हेंबर १९९७ रोजी मॉन्ट्रियलमध्ये कुस्तीगीर ब्रेट हार्ट शॉन मायकेल्सविरुद्ध उतरला, तेव्हा तो डब्ल्यूडब्ल्यूएफ ही कंपनी सोडून प्रतिस्पर्धी डब्ल्यूसीडब्ल्यूकडे निघालेला होता आणि शेवटच्या तीस दिवसांत आपल्या पात्राचे काय व्हावे, याबाबत वाजवी अधिकार त्याला करारानेच मिळाला होता. मायदेशात, कॅनडात, मायकेल्सकडून हरायला त्याने नकार दिला, म्हणून सामना गोंधळात, निकालाविना संपवायचे ठरले. तरीही हार्टने हार मानलेली नसताना कंपनीचा मालक व्हिन्स मॅकमहनने रिंगजवळ उभे राहून सामना संपल्याची घंटा वाजवायला लावली. कागद हार्टकडे होता. रेफरी, घंटा आणि थेट प्रक्षेपण मालकाकडे. तेव्हा करार जरूर वाच, पण प्रत्येक कलम मोडले गेलेच तर त्या क्षणी तुझ्या हाती काय उरते, हेही वकिलाला विचार.

शिक्षाही सर्वांना सारखी होत नाही. मे १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, कथेत वैरी असलेल्या चार कुस्तीगीर मित्रांनी प्रेक्षकांदेखत गळाभेट घेऊन ते वैर खोटे असल्याचे उघड केले. त्यांपैकी नॅश आणि हॉल कंपनी सोडून चालले होते, मायकेल्स विजेता होता. सापडला तो चौथा, ट्रिपल एच. त्याला मिळणारे 'किंग ऑफ द रिंग' स्पर्धेचे विजेतेपद स्टीव्ह ऑस्टिनला मिळाले आणि ऑस्टिनचे नशीब तिथून उघडले, ज्याचा हिशेब शिक्षा देणाऱ्यांनीही केला नसावा.

लॉकर रूममध्ये मन मोकळे करताना जेसी व्हेंचुरा आठव. १९८६ च्या रेसलमेनिया या कंपनीच्या मोठ्या कार्यक्रमाआधी त्याने कुस्तीगिरांच्या संघटनेचा विषय काढला. तो मॅकमहनच्या कानावर तेव्हाचा बडा तारा हल्क होगनने घातला, हे व्हेंचुराला काही वर्षांनी न्यायालयीन जबानीतून समजले. चालू व्यवस्थेत ज्याचे सर्वांत बरे चालले आहे, त्याच्यापाशी गाऱ्हाणे मांडू नये.

प्रतिस्पर्ध्यावर तर राग मुळीच काढू नकोस. निकाल त्याने ठरवलेला नाही आणि सामनाभर त्याची मान तुझ्या हातांत असते. निकाल ठरवणाऱ्या बुकरला एकट्याला गाठ आणि पुढच्या वेळी बदल किती आधी कळवणार, एवढेच विचार. त्याने काय सांगितले ते मला कळव.