जुन्या घराच्या भिंतीचे पोपडे पडत असताना त्यावर थेट पुट्टी भरावी का?

सोलापुरातील आपल्या दगडमातीच्या जुन्या घरात गिलाव्याचे पोपडे पडत आहेत आणि त्यावर थेट पुट्टी भरावी का, असे आपण विचारले आहे. कृपया तसे करू नये. आधी बोटाच्या पेराने भिंत ठोकत जावे. जिथे पोकळ, बद्द आवाज येतो तिथला गिलावा भिंतीपासून सुटलेला असतो आणि घट्ट भाग लागेपर्यंत तो काढावाच लागतो. जोत्यालगत पांढरी भुकटी दिसत असल्यास तो लोणा होय: जमिनीतील ओल भिंतीत चढते, पाणी सुकते आणि मागे राहिलेले क्षार गिलावा फोडतात. अशा भिंतीवर सिमेंट थापल्यास ओल आत कोंडून आणखी वर सरकते. म्हणून वेळ अधिक लागला तरी चुन्याचाच गिलावा करावा, असे माझे ठाम मत आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, तेव्हा ताजा गिलावा ओल्या गोणपाटाने झाकावा, नाहीतर त्याला केसासारख्या भेगा पडतात. छताचे काम मात्र वरून, म्हणजे माळवदाची (लाकूड-मातीच्या सपाट छताची) गळती थांबवून सुरू करावे, आणि तुळई वाकलेली दिसल्यास प्रथम स्थापत्य अभियंत्याला दाखवावी.