वाचकांचे प्रश्न : फॅरडेवरचा चोरीचा आळ

प्रश्न : विजेच्या तारेचे चुंबकाभोवती फिरणे ही मुळात इंग्रज शास्त्रज्ञ वोलस्टनची कल्पना होती आणि मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाने ती लाटली, असे वाचले. खरे काय?

उत्तर : आळ आला होता, पण तो टिकत नाही. दोघांच्या प्रयोगांतला फरक पाहिला की कारण कळते. एप्रिल १८२१मध्ये वोलस्टन आणि फॅरडेचे गुरू, रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्रयोग केला. चुंबक जवळ आणला की वीजवाहक तार स्वतःच्याच अक्षाभोवती गरगरेल, अशी वोलस्टनची अपेक्षा होती. तसे झाले नाही. सप्टेंबरच्या सुरुवातीला फॅरडेने खोल भांड्याच्या तळाशी मेणात चुंबक उभा रोवला, त्याचे टोक जेमतेम वर राहील इतका पारा ओतला आणि तारेचे खालचे टोक पाऱ्यात सोडले. वीज सुरू होताच तार चुंबकाभोवती प्रदक्षिणा घालू लागली. विजेची दिशा उलटवली की फिरणेही उलटे.

फॅरडे चुकला तो लेख प्रसिद्ध करण्याच्या घाईत. ऑक्टोबरमध्ये छापलेल्या लेखात वोलस्टनचे नाव नव्हते. छापण्याआधी तो त्यांच्याकडे गेला होता, पण ते गावाबाहेर होते. अशा वेळी लेख थोडा थांबवायला हवा होता, असे आमचे मत आहे. कुजबूज सुरू झाल्यावर ३० ऑक्टोबरला त्याने वोलस्टनना पत्र लिहून भेट मागितली. वोलस्टननी शांतपणे कळवले की, या प्रकरणाचे मला फार लागले आहे असे तुम्ही समजता, तसे काही नाही.

प्रश्न : हा प्रयोग करून पाहता येईल का?

उत्तर : पाऱ्याची वाफ विषारी असते, त्यामुळे घरी करू नका. प्रयोगशाळेत केलात आणि तार अडली, तर आधी तार वर जिथे टांगली आहे तो सांधा पाहा. तो कडीसारखा सैल हवा. तारेचे फक्त टोक बुडावे. खोल गेली तर पाराच तिला अडवतो. पृष्ठभागावर मळाचा थर असेल तर संपर्क तुटतो.

प्रश्न : मग डेव्ही फॅरडेवर का रागावले?

उत्तर : वोलस्टन प्रकरणाबरोबरच पुढे क्लोरीन द्रवरूप करण्याच्या श्रेयावरूनही दोघांत वाद झाला होता. १८२३मध्ये रॉयल सोसायटी या ब्रिटनच्या नामवंत विज्ञानसंस्थेच्या सदस्यत्वासाठी फॅरडेचे नाव पुढे आले, तेव्हा अध्यक्ष असलेल्या डेव्हींनी त्याला अर्ज मागे घ्यायला सांगितले. त्याने नकार दिला. ८ जानेवारी १८२४ रोजी तो निवडून आला. विरोधात एकच मत पडले. शिफारसपत्रावर पहिली सही वोलस्टन यांची होती.