आई-बाबांसाठी पुणे: बाणेरचा टॉवर की कोथरूडची जुनी सोसायटी?

तुम्ही बंगळुरूला. डोंबिवलीचं घर विकून बाबांना (७१) आणि आईला (६६, गुडघेदुखी) पुण्यात आणायचं, तर बाणेरला नव्या टॉवरमध्ये की कोथरूडला जुन्या सोसायटीत, असं तुम्ही पत्रात विचारलंय. पेन्शनरांचं शहर म्हटलं की जो तो हवा आणि हॉस्पिटलं सांगतो. दोन्ही चांगली आहेत, नाही कशाला म्हणू. पण हॉस्पिटलात माणूस वर्षातून चार वेळा जातो. दूध, भाजी, औषधं, देऊळ हे रोजचं. त्यातलं किती कुणाला न सांगता स्वतःच्या पायाने जमेल, तेवढंच बघा.

माझे वडील कोथरूडलाच होते, बिनलिफ्टच्या बिल्डिंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. आधी दिवसातून दोनदा उतरायचे, मग एकदा. पुढे शेजाऱ्यांनी जिन्याच्या वळणावर प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली, तिच्यावर दम खाऊन वर यायचे. शेवटी गॅलरीतून दोरीला बांधलेली पिशवी खाली सोडायला लागले, आत चिठ्ठी आणि पैसे. भाजीवाला चांगलं निवडून द्यायचा, पण भेंडीचं टोक स्वतः मोडून बघता येत नाही म्हणून ते रोज कुरकुरायचे. आम्ही हसायचो. आता हसू येत नाही.

तेव्हा एजंट "सोसायटी रिडेव्हलपमेंटला जाणारच आहे, लिफ्ट येईल" म्हणाला तर भुलू नका. लिफ्ट येईलही, पण त्याआधी दोन-तीन वर्षं, कधी जास्तच, भाड्याच्या घरात काढावी लागतात. पंचाहत्तरीला शेजार, किराणावाला, डॉक्टर सगळं नव्याने जमवायचं. कोथरूडलाच घ्यायचं तर रिडेव्हलपमेंट होऊन ताबा मिळालेलं घ्या, नाहीतर तळमजला.

बाणेरच्या टॉवरला लिफ्ट आहे, जनरेटर आहे, वॉचमन आहे. गेटच्या बाहेर काय आहे? बऱ्याच ठिकाणी चढ, अर्धवट फुटपाथ आणि भरधाव गाड्या. औषधाच्या दुकानापर्यंतसुद्धा रिक्षा. सगळं घरपोच येतं हे खरं, पण मग बाबाही घरीच. पाणी महापालिकेचं की टँकरचं, तेही सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा, बिल्डरला नको.

फुटपाथच्या बाबतीत कोथरूडनेही फार मिरवू नये. दर गेटपाशी उतार, उखडलेले पेव्हर ब्लॉक, संध्याकाळी त्यावरून स्कूटरवाले. जंगली महाराज रस्त्यासारखा रुंद, सपाट फुटपाथ अपवादच. मेट्रोने मात्र खरा फरक पडलाय. कोथरूडमधून जाणाऱ्या वनाझ–रामवाडी मार्गावर स्टेशनला लिफ्ट आहेत, नळ स्टॉपला बसून संभाजी उद्यानला उतरलं की बालगंधर्व रंगमंदिर जवळच. पीएमपीचा ड्रायव्हर दांडा धरायच्या आत बस सोडतो, तो त्रास इथे नाही. आईच्या गुडघ्याचा विचार केला तर मी स्टेशनपासून चालत पाच मिनिटांच्या आतलं घर शोधेन, जरा लहान मिळालं तरी.

डोंबिवलीला जाणं-येणं एसटीने परवडेल. ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट, ७५ पुढे फुकट. रेल्वेची सवलत २०२० पासून बंदच आहे. बाबांचं सत्तरीवरच्यांसाठीचं आयुष्मान कार्ड काढलं नसेल तर काढा, ५ लाखांपर्यंतचे उपचार, उत्पन्नाची अट नाही. आईला अजून चार वर्षं आहेत. घराजवळच्या हॉस्पिटलात हे कार्ड चालतं का, हे आधी बघा. आणि रात्री दोनला दार उघडायची वेळ आली तर किल्ली कुणाकडे असेल, हेही आत्ताच ठरवा. तुमचं विमान सकाळचं असणार.

डोंबिवलीचं घर एवढ्यात विकू नका. दोघांना आधी पुण्यात अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने राहू द्या, त्यात एक पावसाळा येऊ द्या. पहिल्या आठवड्यात बाबांना एकट्यालाच दूध आणायला पाठवा आणि किती वेळाने परत येतात ते बघा.

आई डोंबिवलीत वीस वर्षं एकाच भजनी मंडळात आहे, हे तुम्ही कंसात लिहिलंय. तिला पुण्याला यायचंय का, हे मात्र कुठेच लिहिलेलं नाही.