रोज ध्यान करते, तरी संध्याकाळी आवाज चढतोच

‘वर्ष झालं, रोज पहाटे ४० मिनिटं ध्यानाला बसते. तरी संध्याकाळी घरात पाऊल टाकलं की अर्ध्या तासात भांडण. नवरा म्हणतो, मग त्या ध्यानाचा उपयोग काय?’

ठाण्याहून रोज लोकलने मुंबईला नोकरीला जाणाऱ्या एका बाईंचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) हीच तक्रार वेगवेगळ्या तोंडून वरचेवर ऐकू येते, आणि तिच्यामागे बहुतेक वेळा अपराधीपणा असतो: इतकं करूनही मी सुधारत नाही.

समुपदेशनाच्या पहिल्या भेटीत सल्ला दिला नाही, एक वही ठेवायला सांगितली. सात दिवस, रोज पाच गोष्टी: किती वाजले होते, काय घडलं, अंगात काय जाणवलं, मनात कुठलं वाक्य होतं, मी काय केलं. वही उघडली तेव्हा सातपैकी पाच नोंदी साडेसात ते सव्वाआठ या वेळातल्या निघाल्या. पाचही दिवशी दुपारी एकनंतर पोटात फक्त चहा गेला होता. म्हणून सगळ्यात आधी मूठभर फुटाणे-शेंगदाण्यांची पुडी पर्समध्ये आली, परतीच्या गाडीत खायला. मानसशास्त्राच्या नावाखाली भूक आणि झोप विसरली जाते, तसं होऊ नये.

एक नोंद अशी होती: ‘७.५०. मुलाचा डबा दप्तरातच. वास येत होता. नवरा मोबाइलवर. जबडा घट्ट, कान गरम. वाक्य: याला कळायलाच पाहिजे. डबा ओट्यावर आपटला.’

मग विचारलं, ध्यानात राग आला तर काय करता? ‘बाजूला सारते आणि श्वासाकडे परत येते.’ गोची इथेच होती. श्वास जसा आहे तसा पाहायचा, आणि अंगात जे उमटतंय तेही तसंच पाहायचं, हे ध्यानाचं काम. त्यांनी ध्यानाचं झाकण केलं होतं. पहाटे दाबलेलं संध्याकाळी उतू जायचं, आणि उतू जाण्याआधीच्या खुणा ओळखायची सवय कधी लागलीच नव्हती.

बदल केला तो असा. सकाळची बैठक ४० वरून १५ मिनिटांवर आणली. त्यातली शेवटची पाच मिनिटं कालचा प्रसंग मुद्दाम आठवायचा आणि जबडा, छाती, पोट इथे काय होतंय ते पाहायचं, मनातल्या मनात नाव द्यायचं: ‘राग’, ‘थकवा’, ‘वाईट वाटलं’. दुसरी छोटी बैठक संध्याकाळी, घराची बेल वाजवण्याआधी जिन्यात. चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर, अंगठ्याने बोटांची पेरं मोजत. चार बोटांची १२ पेरं म्हणजे १२ श्वास, साधारण दोन मिनिटं. पहिल्या आठवड्यात त्यांना गरगरलं, कारण श्वास ओढून, छाती भरून घेतला जात होता. श्वास हळू हवा, मोठा नको. मग त्रास थांबला.

तिसऱ्या भेटीला नवरा आला. भांडण पेटलं की तो गॅलरीत जाऊन गप्प बसायचा. बायकोला वाटायचं, याला काही पडलेलीच नाही. तो म्हणाला, ‘छाती धडधडते, काय बोलायचं सुचत नाही.’ जोडप्यांवर दीर्घकाळ संशोधन केलेले अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी हेच मांडलं आहे: भांडणात नाडीचे ठोके मिनिटाला १०० च्या वर गेले की समोरच्याचं नीट ऐकूच येत नाही, आणि शरीर निवायला निदान २० मिनिटं लागतात. त्यामुळे ‘आत्ताच सोक्षमोक्ष लावू’ हा हट्ट वाया जातो.

दोघांनी थांबण्याचा करार केला. जो थांबेल त्याने परत कधी बोलायचं ती वेळ सांगूनच उठायचं: ‘मी तापलोय, पावणेनऊला बोलू.’ मधल्या वेळात भांडी घासा, गच्चीत फेऱ्या मारा, पण मनात उत्तरं जुळवायची नाहीत आणि बहिणीला फोन लावायचा नाही. त्याने राग शिजतच राहतो. दुसऱ्याच आठवड्यात करार फसला. नवरा उठला तो थेट झोपायलाच गेला. बाईंसाठी तो पुन्हा तोच अबोला होता. तेव्हा नियम पक्का केला: जो उठतो, त्यानेच परत येऊन विषय काढायचा.

वहीतलं ‘कळायलाच पाहिजे’ हे वाक्यही हाताळलं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या आणि महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवलेल्या विवेकनिष्ठ मानसोपचारात अशा ‘च’वरच बोट ठेवतात. त्याला कळावं ही इच्छा रास्त आहे. कळलंच पाहिजे ही मागणी झाली की डबा आपटला जातो. बाईंनी बोलण्याची सुरुवात बदलली: ‘डबा दप्तरात दिसला की मी एकटीच धावतेय असं वाटतं. तो तू काढशील का?’

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. बाईंच्या रागातला मोठा भाग न्याय्य होता, कामाची वाटणी खरोखरच एकतर्फी होती. अशा वेळी बायकोला शांत करण्यासाठी ध्यान वापरणं हा अन्याय आहे. आणि घरात मारहाण किंवा धाक असेल तर यातलं काहीच लागू नाही, तिथे आधी सुरक्षितता. डोळे मिटले की जुना आघात अंगावर येत असेल, किंवा आठवडेच्या आठवडे झोप, भूक, उमेद गेली असेल, तर बैठक थांबवून मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मोफत बोलता येतं.

आठव्या आठवड्यातली नोंद: ‘७.४०. डबा दप्तरातच. जबडा घट्ट, लगेच कळलं. सहा पेरं. “सव्वाआठला बोलू” म्हटलं. तो आठ वीसला स्वतः आला.’ दप्तर आणि डबा आता नवऱ्याकडे आहे. अभ्यास कुणी घ्यायचा यावर अजून एकमत नाही. तो विषय रविवारी सकाळी, नाश्ता झाल्यावर काढायचा असं ठरलं आहे.